मशीनच्या पोटातलं मशीन

“काकू, परत अडकलंय.”

क्लासच्या दिवशी संध्याकाळी हे वाक्य माझ्या कानावर पडायचंच. फोन उचलला की नाव नाही, कशा आहात नाही, एकदम हेच. आणि खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून बरं वाटायचं.

“कुठपर्यंत गेलंय?”

“काळा स्क्रीन आलाय. कोपऱ्यात ती रेघ लुकलुकतेय.”

“लुकलुकतेय ना? मग जिवंत आहे. कशाला हात लावू नकोस. थांब.”

“थांबते. काकू, आज काय केलंत जेवायला?”

झालं. रेघ तिकडे लुकलुकत राहायची आणि आम्ही इकडे बोलत बसायचो. ही डोंबिवलीची मुलगी. मुलगी म्हणजे लग्न झालेली, लहान लेक असलेली. दिवसा ठाण्यात कुठल्याशा ऑफिसात बिलं बनवायची आणि सुटली की नौपाड्यातल्या कॉम्प्युटर क्लासला यायची. बिलांचा कंटाळा आला होता तिला, सर्व्हर सांभाळायचं काम शिकून चांगली नोकरी धरायची होती. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. पण तिच्या सासूला वालाचं बिरडं कसं लागतं, नारळ किती, गूळ किती, हे मला पाठ होतं. मी तिला म्हटलेलं, अगं, मी हल्ली बिरडं करतच नाही, वाल सोलायला समोर कोणी बसलेलं लागतं. एकटीने सोलत बसलं की ती परात संपतच नाही.

आता मी कोण आणि हिचा माझा संबंध काय, ते सांगते.

मी मुळात टायपिस्ट. वागळे इस्टेटीत एका कारखान्याच्या ऑफिसात लागले. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला प्लास्टिकचं आवरण घालून एसी खोलीत ठेवला होता आणि आत जाताना चपला काढायच्या. मला टाइपरायटरच्या रिबिनीचा इतका वीट आला होता की मी चपला काढून आत गेले ती बाहेर आलेच नाही. त्याच्याबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, ते शेजारी शब्दकोश ठेवून वाचलं. निम्मं कळलं नाही. जे कळलं त्याच्यावर नोकरी निघाली. कॉलेज नाही, कोर्स नाही, विचारायला कोणी नाही; बिघडवायचं आणि दुरुस्त करायचं, एवढंच शिक्षण. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळत होते.

हे गेले, लेक परदेशात संसाराला लागली. वर्तकनगरच्या घरात मी आणि भिंती. त्याच सुमाराला कारखान्याने जुने सर्व्हर काढले भंगारात. त्यातला एक मी उचलला. लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “आई, तुला वेड लागलंय का? लोक या वयात मांजर पाळतात.” मी म्हटलं, मांजर दूध मागतं, हा नुसती वीज खातो. ह्यांची कॉट काढली होती, त्या जागेवर तो ठेवला. दिवसभर घूं घूं करतो. पहिल्या आठवड्यात झोप येईना, आता वीज गेली आणि तो थांबला की जाग येते.

नौपाड्यातल्या क्लासच्या सरांना हे कोणाकडून तरी कळलं. त्यांना मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी मशीन हवंच होतं. ठरलं असं, की मुलं क्लासमध्ये बसतील, इंटरनेटवरून माझ्या सर्व्हरला जोडतील, सर शिकवतील, आणि काही अडलं तर मला फोन. क्लास दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, माझे गुडघे तसले. म्हणून मी घरीच.

आता अडायचं काय, तर त्यातच सगळी गंमत आहे. एका मोठ्या मशीनच्या पोटात अनेक खोटी मशीनं चालवता येतात. खोटी म्हणजे दिसायला-वागायला खरी, पण त्यांना स्वतःचं शरीर नसतं. हे चालवणारा जो प्रोग्राम असतो त्याला हायपरवायजर म्हणतात. मुलांना नेमका तोच चालवायला शिकायचं होतं. पण प्रत्येकाला खरं मशीन कुठून देणार? म्हणून माझ्या खऱ्या मशीनच्या पोटात प्रत्येकाला एक खोटं मशीन, आणि त्या खोट्याच्या पोटात त्यांनी आपलं आणखी एक उभं करायचं. मशीनच्या पोटात मशीन, त्याच्या पोटात मशीन.

मी हे मुलांना पोटभाडेकरूच्या उदाहरणाने सांगायची. जुन्या ठाण्यात असे किती संसार झाले. मालक वरच्या मजल्यावर. खाली भाडेकरू. आणि भाडेकरूने आतली खोली दिलेली असते पोटभाडेकरूला. आता पोटभाडेकरूचा नळ गळला. त्याने हाक मारली की ती आधी मालकालाच ऐकू जाते, कारण घर त्याचं. मालक म्हणतो, हा माझा माणूस नाही, तुझा आहे, तू बघ. भाडेकरू बघायला उठतो, पण पाण्याची मुख्य चावी मालकाकडे, पान्हा मालकाकडे, प्लंबरला बोलवायची परवानगीही मालकाकडे. एका गळक्या नळापायी तो बिचारा जिना चढतो-उतरतो, चढतो-उतरतो. आमच्या मशीनमध्ये अगदी हेच चालतं. सगळ्यात आतल्याने एक बारीकशी गोष्ट मागितली की वरपर्यंत फेऱ्या. म्हणून ते हळू. म्हणून ती रेघ लुकलुकत राहायची, आणि म्हणून मला फोन.

दिवाळी झाली आणि सर घरी आले. फराळाचं ताट पुढे केलं तर एक चकली घेऊन नुसती हातात धरून बसले. मी ओळखलं.

“बोला काय ते.”

“ताई, राग नका मानू. पोरं तक्रार करतात. म्हणतात, अर्धा वेळ नुसतं चक्र फिरताना बघतो.”

“बघू देत की. चक्र बघायची काय वेगळी फी लावताय का?”

ते हसले, पण चकली काही तोंडात गेली नाही. “दोन तासांत प्रॅक्टिकल संपतच नाही. लांबची पोरं असतात, घरी जायला उशीर होतो, मग गळतात. मी एका बाहेरच्या कंपनीशी बोललोय. त्यांची मशीनं भाड्याने मिळतात. नवीन बॅचपासून तिकडेच जाऊ म्हणतो. तुमचाही त्रास वाचेल. फोन घेत बसायला नको.”

त्रास! त्यांना माहीत नव्हतं, माझ्याकडे दुसरा फोन कोणाचा येतो? लेकीचा रविवारी. बाकी गॅसवाल्याचा, आणि कर्ज हवंय का विचारणारीचा. त्या कर्जवालीशीसुद्धा मी कधीकधी दोन मिनिटं बोलते.

“मला नवीन बॅचपर्यंत वेळ द्या,” मी म्हटलं. “दोन तासांत बसवून दाखवते. नाही बसलं तर तुम्ही मोकळे.”

“ताई, तुमचं मशीन जुनं आहे हो.”

“मीसुद्धा जुनीच आहे. चकली खा.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा मी सर्व्हरसमोर घ्यायला लागले. आधी मी एक चाचणीचं जोडपं उभं केलं, खोट्याच्या पोटात खोटं, मुलांच्यासारखंच. आतलं मशीन किती वेळा वर फेरी मारतं हे मोजायची सोय असते, ती लावली. आकडा असा पळायला लागला, की रिक्षाचा मीटर बरा. आणि गंमत म्हणजे ते आतलं मशीन काहीच करत नव्हतं! नुसतं सुरू होऊन बसलं होतं. काही काम नाही, धाम नाही, आणि फेऱ्या मात्र अखंड.

कशासाठी फेऱ्या मारतंय ते शोधायला मला बरेच दिवस लागले. इंटरनेटवर लोक लिहितात ते वाचायचं, करून बघायचं, बिघडलं की परत पहिल्यापासून. एकदा तर सगळंच बंद पाडलं. शेवटी सापडलं. ते वेळ विचारत होतं. किती वाजले? किती वाजले? आता किती वाजले? त्याच्याजवळ स्वतःचं घड्याळ नव्हतं. काही वर्षांपूर्वी जुन्या मशीनांची घड्याळं मागेपुढे व्हायची म्हणून मीच एक जुन्या पद्धतीचं घड्याळ सगळ्यांना नेमून दिलं होतं, आणि ते पडलं मालकाच्या माडीवर. वेळ बघायची तर प्रत्येक वेळी वरपर्यंत जाऊन विचारायला लागायचं. काम नसलेलं मशीन दुसरं करणार काय? वेळ विचारत बसलेलं.

मी चहाचा कप खाली ठेवला. घरात तेव्हा सर्व्हरचा पंखा सोडला तर आवाज नव्हता. आदल्याच दिवशी दुपारी मी किती वेळा घड्याळ बघितलं होतं, क्लासचे सात कधी वाजतायत म्हणून, ते मला आठवलं. पण मशीनचं बरं असतं, त्याला घड्याळ देता येतं. प्रोसेसरचा स्वतःचा एक मोजणारा असतो, तो थेट आतल्याला दिसेल अशी व्यवस्था केली. मीटर धपकन खाली आला. मी एकटीच टाळी वाजवली.

तरी पुरेसं नव्हतं. एकटं मशीन धावायचं, पण अख्खी बॅच बसली असती तर परत चिखल. मग माझ्या लक्षात आलं की खरी चूक निराळीच होती, आणि ती मी अगदी मायेने केली होती.

आमच्याकडे पानावर बसलेल्याला विचारून वाढत नाहीत. नको म्हणाला तरी आणखी एक पोळी. मुलांची मशीनं बनवताना मी तेच केलं होतं. माझ्या सर्व्हरकडे प्रोसेसर ते किती, आणि मी प्रत्येक मुलाच्या ताटात चार चार वाढून ठेवलेले! वर मुलांनाही सांगितलेलं, तुमच्या आतल्या मशीनला हात आखडू नका, असतील तेवढे द्या. उपाशी राहायला नको ना कोणी. आता हे सगळे चार-चारवाले एकदम जेवायला उठले, की खरे प्रोसेसर तेवढे नाहीतच. मग एकाला मिळायचे तर दुसरा ताटकळत, आणि जो ताटकळतोय त्याच्याच हातात नेमकी आमटीची पळी, म्हणजे तिसरा त्याच्यासाठी खोळंबून. जास्त वाढल्यामुळे सगळे उपाशी राहत होते.

कमी करायला माझा हात होईना, खरंच सांगते. एकेकाचं काढून घेताना असं वाटलं, की पानावरून उठवतेय. पण केलं. प्रत्येकाला दोन, आतल्याला एक. शिवाय मेमरी बारीक बारीक तुकड्यांत दिलेली होती ती मोठ्या तुकड्यांत दिली, म्हणजे पावशेर पावशेर साखर आणण्यापेक्षा एकदा पोतंच आणून टाकलं, दुकानाच्या खेपा वाचल्या. मग सगळ्या बॅचएवढी मशीनं एकदम चालू करून पाहिली. सगळी उठली. भराभर. मी पदराला हात पुसत बघत उभी, आणि हाताला पाणी नव्हतंच.

त्या क्षणी मनात आलं, एखादं थोडं हळू राहू द्यावं का. डोंबिवलीवालीचं. कोणाला कळलं असतं? पण मग मीच मला म्हटलं, बाई, तिला नोकरी लागायचीय, तुला गप्पा मारायच्यात. आणि तिचंही बदललं.

नवीन बदल लागू झाले त्या संध्याकाळी मी सातच्या आधीच फोन चार्ज करून जवळ घेऊन बसले. स्क्रीनवर मला दिसत होतं, एकेक मूल आत येतंय, मशीन उभं करतंय, त्याच्या पोटात दुसरं उभं करतंय. डोंबिवलीवालीचंही उभं राहिलं. मी फोन उलटा ठेवला होता तो सुलटा केला. आवाज बंद तर नाही ना, बघितलं. कुकर लावला. परत येऊन बघितलं तर तिचं आतलं मशीन चालू होऊन, काम संपून, बंदसुद्धा झालेलं होतं.

शेवटी मीच केला. “अगं, चाललंय ना?”

“काकू! कसलं भारी चाललंय! काय जादू केलीत?”

“काही नाही गं, जरा घड्याळ...”

“काकू, ठेवू का? सर बोलतायत.”

“ठेव ठेव. अडलं तर कर हं.”

“आता काय अडणार, काकू!” म्हणाली आणि ठेवला. आनंदाने म्हणाली हो, त्यात वाईट काही नव्हतं.

सरांचा मात्र आला. नवीन बॅच माझ्याच मशीनवर. बाहेरच्या कंपनीला त्यांनी नको म्हणून कळवलं होतं. “ताई, मानलं तुम्हाला! आणि आता तुम्ही संध्याकाळी अडकून पडायचं कारण नाही. कुठे देवळात जा, भजनाला जा.” मी हो म्हटलं. भजनाला जाणाऱ्या बायका मला माहीत आहेत, त्यांच्यात मला बोलायला मिळत नाही, त्या गातात.

दोन-तीन संध्याकाळी मी तशाच काढल्या. फोन समोर, स्क्रीनवर सगळ्यांची मशीनं गुण्यागोविंदाने चाललेली. मशीन माझं राहिलं होतं, बॅच माझी राहिली होती, जे मागितलं ते सगळं मिळालं होतं. मग एका क्लासच्या दिवशी मी साडी बदलली, रिक्षा केली आणि नौपाड्यात गेले. म्हटलं, त्यांचा फोन नसेल येत, आपण तरी जाऊन बघू, कसली मुलं आहेत ती. तासभर बसू, चेहरे बघू.

जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबले. क्लास संपायला अजून बराच वेळ होता, घाई नव्हती. वर पोचले तर दार उघडं, दिवे चालू, आणि खुर्च्या रिकाम्या. कोणी पुढे ओढलेली, कोणी मागे. एकच बाई पाठीवर सॅक अडकवत होती.

“संपला का क्लास?” मी विचारलं.

ती वळली. “काकू?” आवाजावरून ओळखलंन मला! मीसुद्धा आवाजानेच ओळखलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती बुटकी होती आणि चष्मा होता. का कोण जाणे, मी तिला बिनचष्म्याची धरून चालले होते.

“अय्या, तुम्ही इतक्या वर कशाला चढलात? गुडघे?”

“आहेत जागेवर. तुमचं संपलं इतक्यात?”

“कधीच! पहिल्या तासातच होतं आता सगळं. सर म्हणतात झालं तर निघा.” ती एकीकडे बोलत होती आणि एकीकडे सॅकचा पट्टा घट्ट करत होती. “काकू, तुम्हाला एक सांगू? मी क्लास सोडणार होते. घरी पोचेपर्यंत लेक झोपलेली असायची. सासूबाई तोंडाने बोलायच्या नाहीत, भांडी बोलायची. तुम्हाला फोनवर हसून सांगायचे, पण रोज भांडण. आता जाते तेव्हा ती जागी असते. मी भरवते तिला. काल मांडीवरच झोपली.”

“हो का गं.”

“खरंच, काकू. तुम्ही केलंत ते.” तिने वाकून नमस्कार केला, मी नको नको म्हणेपर्यंत. मग घड्याळ बघितलं. “काकू, आताची गाडी मिळाली तर...”

“पळ. पळ आधी.”

“फोन करते हं!” जिन्यातून आवाज आला. चपला खालपर्यंत वाजत गेल्या.

आतल्या खोलीतून सर बाहेर आले. “अरे ताई! आधी सांगायचं नाही का, पोरांना थांबवलं असतं.”

“थांबवायचं कशाला? सहज आले.”

“बसा. चहा सांगतो.” फोन कानाला लावत ते गॅलरीत गेले.

मी तिचीच खुर्ची ओढून बसले. कॉम्प्युटर चालूच होता. माझंच मशीन, वर्तकनगरात ह्यांच्या जागेवर घूं घूं करणारं, इथून कसं दिसतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. मी जोडणी केली. मुलांसारखं एक मशीन उभं केलं, त्याच्या पोटात दुसरं चालू केलं आणि चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. पुसून डोळ्याला लावला तोवर ते उघडून, नाव काय म्हणून विचारत, तयार होतं. रेघेला लुकलुकायला मिळालंच नव्हतं.

मी ते बंद केलं आणि परत चालू केलं. परत तसंच.

“ताई, चालतंय ना?” सरांनी गॅलरीतून विचारलं.

“चालतंय,” मी म्हटलं. “छान चालतंय. चहात साखर कमी सांगा.”